क्यूजीआयएसमध्ये मराठी लेबल आणि चिन्हं नीट कशी आणायची: सोलापूरच्या ६८ लिंगांचा नकाशा करता करता

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा जवळ आली की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, शहरभरातल्या ६८ शिवलिंगांचा नकाशा आहे का हो तुमच्याकडे. संक्रांतीला नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि बाहेरगावच्या पाहुण्याला कुठलं लिंग कुठं हे तोंडी सांगणं अवघडच. म्हणून मी मोबाइल घेऊन गाडीवर फिरलो, एकेक पॉइंट घेतला, घरी येऊन क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, लेबल म्हणजे ठिपक्यांची नावं चालू केली आणि बघतो तर अर्ध्याहून जास्त ठिपके बिननावाचे, जी नावं आली ती एकमेकांना खेटलेली, आणि ‘श्री सिद्धेश्वर मंदिर’ दोन ओळीत तोडलं तर वरच्या ओळीतला ‘द्धे’ खाली लोंबतोय आणि खालच्या ‘मं’ वरचा अनुस्वार नेमका त्यातच घुसलाय. वाचणाऱ्याला ते ‘मदिर’ दिसायचं.

तिथून पुढं जे जे शिकलो ते इथं क्रमाने लिहितोय, ज्यांनी क्यूजीआयएस नुकतंच टाकलंय त्यांच्यासाठी. सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. पण त्याची जी डिफॉल्ट सेटिंग असतात ती रोमन लिपी डोक्यात ठेवून केलेली आहेत, आणि मराठी नकाशा खराब दिसतो तो बहुतेक वेळा तेवढ्यामुळेच.

लेबलच्या आधी डेटा

घाईघाईने लेबलकडे जाऊ नका. आधी लेयरचं, म्हणजे तुमच्या पॉइंटच्या थराचं, टेबल उघडून नावं नीट दिसतायत का ते बघा. जुन्या ऑफिसांकडून फाइल आली की त्यात मराठी श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, ते युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनना कळणारी अक्षरांची पद्धत, नसतं, म्हणून क्यूजीआयएसमध्ये नुसती अगम्य चिन्हं दिसतात. तो फॉन्ट टाकून तात्पुरतं दिसेलही, पण पुढं शोधणं, सॉर्ट करणं काहीच जमणार नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, मगच पुढं.

शेपफाइल या नकाशाच्या डेटाच्या जुन्या प्रकारात मराठी ठेवायचं तर अजून दोन भानगडी आहेत. एक म्हणजे कॉलमच्या नावाला जागा १० बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे कॉलमचं नाव तीन चिन्हांवर कापलं जातं. दुसरं, टेक्स्टच्या एका खान्यात २५४ बाइट, म्हणजे काना-मात्रा धरून ८४ चिन्हं, पत्ता लिहिला की संपलं. शिवाय अक्षरं कुठल्या पद्धतीत साठवली ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल कॉपी करायची राहिली तर सगळी नावं प्रश्नचिन्हासारखी होऊन बसतात. त्यापेक्षा लेयरवर राइट क्लिक करून एक्स्पोर्टमध्ये जा आणि जिओपॅकेजमध्ये सेव्ह करा, एकच फाइल, कॉलमचं नाव ‘नाव_मराठी’ असं पूर्ण ठेवता येतं.

सेव्ह करतानाच सीआरएस, म्हणजे जमिनीवरच्या जागा मोजायची पद्धत, यूटीएम झोन ४३ उत्तर घ्या, यादीतला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. सोलापूर साधारण ७६ रेखांशाच्या जवळ आहे, ७२ ते ७८ च्या पट्ट्यात येतं, म्हणून हाच झोन. प्रोजेक्टचा सीआरएस पण हाच ठेवला की सगळं मीटरमध्ये येतं आणि स्केलचे आकडे भरवशाचे होतात, ज्यावर पुढचं सगळं उभं आहे.

आणि आत्ताच तीन कॉलम वाढवून ठेवा. ‘महत्त्व’ नावाचा पूर्ण आकड्यांचा कॉलम, ‘क्रम’ नावाचा दुसरा, आणि ‘ओळख’ नावाचा तिसरा, ज्यात प्रत्येक पॉइंटला कधीच न बदलणारा नंबर द्यायचा. हे कशाला ते कळेल.

फॉन्ट आणि अक्षर

एफ ७ दाबलं की उजवीकडे लेयर स्टायलिंग पॅनल उघडतं, त्यात लेबलचा टॅब आहे, तिथं सिंगल लेबल्स निवडून व्हॅल्यूमध्ये ‘नाव_मराठी’ घ्या. लाइव्ह अपडेट चालू ठेवा म्हणजे प्रत्येक बदल लगेच नकाशावर दिसतो.

फॉन्ट स्वतःहून निवडा, डिफॉल्टवर सोडू नका. डिफॉल्ट फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर कॉम्प्युटर गुपचूप दुसरा कुठलातरी फॉन्ट लावतो आणि तुमच्याकडे एक दिसतं, दुसऱ्याच्या मशीनवर वेगळंच. मी मुक्ता वापरतो, त्याची पातळपासून जाडपर्यंत ७ वजनं मिळतात, नोटो सान्स देवनागरी पण चांगला आहे, दोन्ही फुकट. खरी जाड वजनं असलेला फॉन्ट का पाहिजे, तर ज्या फॉन्टमध्ये बोल्ड नसतो त्याला सॉफ्टवेअर नुसतं जाड करून दाखवतं आणि ‘द्ध’, ‘ष्ठ’ मधल्या पोकळ्या बुजून काळा ठिपका होतो. इटॅलिक तर देवनागरीत शक्यतो टाळाच. इंग्रजी नकाशात तळं, नदीची नावं तिरकी लिहायची पद्धत आहे, आपल्याकडे ते काम रंगाने करा, सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव गडद निळ्यात लिहिले की पुरे.

साइज इंग्रजीपेक्षा एक-दोन पॉइंट मोठा ठेवा. त्याच पॉइंटात आपलं अक्षर बारीक दिसतं कारण वर मात्रा आणि खाली उकार यांना पण त्याच उंचीत बसायचं असतं.

आता ही चूक मी खूप नकाशांवर बघितलीय, अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजीत मोठ्या भागाचं नाव लांब पसरवायला लेटर स्पेसिंग वाढवतात. देवनागरीत तेच केलं की शिरोरेखा तुटते, ‘सोलापूर’ चं ‘सो ला पू र’ होतं, जोडाक्षर असलं तर ते पण उसवू शकतं. लेटर स्पेसिंग शून्यच ठेवा. पसरवून दाखवायचंच असेल तर साइज वाढवा आणि रंग फिकट करा, तोच परिणाम मिळतो.

ओळ तोडण्यासाठी लेबल टॅबच्या फॉरमॅटिंग भागात रॅप ऑन कॅरॅक्टर आहे. टेबलमध्ये ‘श्री सिद्धेश्वर|मंदिर’ असं उभी रेघ मारून लिहा आणि त्या खान्यात तीच रेघ टाका, म्हणजे कुठं तोडायचं ते तुम्ही ठरवलं. खाली अमुक इतक्या अक्षरांनंतर तोडा असाही पर्याय आहे, पण त्यात काना-मात्रा पण मोजल्या जातात, म्हणून आपला अंदाज चुकतो. मग तिथंच लाइन हाइट १ च्या जागी १.२ करा, नावात खाली लोंबणारी जोडाक्षरं जास्त असतील तर १.३. माझा ‘मदिर’ चा ‘मंदिर’ एवढ्यानेच झाला. इतकं साधं काम आहे पण हे कुणी सांगत नाही.

बफर म्हणजे अक्षराभोवतीची पांढरी कड. चालू केलं की डिफॉल्ट १ मिलिमीटर येतं, ते मराठीला जाड होतं, ०.६ च्या आसपास आणा. रंग शुभ्र पांढरा नको, खालच्या जमिनीचा जो फिकट रंग आहे तोच कडेला द्या, मग कड दिसत नाही आणि अक्षर मात्र रस्त्याच्या रेषेवरून सुटं उठून येतं.

सगळी नावं का येत नाहीत

नवीन माणूस इथं अडकतो. क्यूजीआयएस दोन लेबलांची टक्कर झाली तर एक गाळतं, बिघाड नाही तो, मुद्दाम तसं केलंय. कुठली गळाली ते बघायला लेबल टूलबारवर न बसलेली लेबल दाखवायचं बटण आहे, ते दाबलं की गळालेली नावं लाल रंगात येतात. नकाशा कुठं भरलाय ते त्यावरून कळतं, माझ्याकडे बाळीवेशीपासून तळ्यापर्यंतचा पट्टा लालच लाल होता.

लेबल टॅबच्या रेंडरिंग भागात टक्कर झाली तरी दाखवा असा पर्याय आहे, जुन्या व्हर्जनमध्ये ते शो ऑल लेबल्स नावाने होतं, नव्यात ओव्हरलॅपचे तीन प्रकार दिलेत. तो लगेच लावायचा मोह आवरा, त्याने नावं येतील पण एकावर एक.

त्याऐवजी महत्त्व ठरवा, इथं तो ‘महत्त्व’ कॉलम कामाला येतो. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड यांना १. वेशी, मोठे चौक आणि मुख्य पेठा यांना २. बाकी सगळं ३. मग सिंगल लेबल्सच्या जागी रूल-बेस्ड लेबल्स घ्या आणि तीन नियम करा. पहिल्या नियमाच्या फिल्टरमध्ये "महत्त्व" = १ असं, कॉलमचं नाव दुहेरी अवतरणात, फक्त आकडा कीबोर्डवरचा इंग्रजी टाका, मराठी आकडा फिल्टरच्या सूत्राला (एक्स्प्रेशनला) कळत नाही. पहिल्या नियमाला स्केलची अट नको. दुसरा १:२५,००० पासून आत, तिसरा १:१०,००० पासून आत. इथं मिनिमम आणि मॅक्सिममची नेहमी गल्लत होते. मिनिमम म्हणजे लांबून बघतानाची हद्द, म्हणजे मोठा आकडा त्यात जातो. उलटं टाकलं की लेबल गायब होतात आणि माणूस तासभर फॉन्ट तपासत बसतो.

प्रत्येक नियमाला स्वतःचा फॉन्ट, साइज, रंग देता येतो आणि प्लेसमेंटमध्ये प्रायॉरिटीचा स्लायडर पण आहे, १ च्या नियमाला तो पूर्ण वर सरकवा. पॉइंटसाठी प्लेसमेंट कार्टोग्राफिक ठेवा, ते आधी उजवीकडे वर जागा शोधतं, नाही मिळाली तर दुसऱ्या बाजूला. अंतर पॉइंटपासून मोजायचं की चिन्हाच्या कडेपासून हे विचारतं, चिन्हाच्या कडेपासून घ्या, नाहीतर मोठ्या चिन्हावर नाव चढतं.

तळ्याच्या, किल्ल्याच्या लेयरला रेंडरिंगमध्ये लेबलांना अडथळा म्हणून धरायची सोय आहे, त्याने शेजारचं नाव किल्ल्याच्या तटावर जाऊन बसायचं कमी होतं. आणि लेबल टॅबच्या वरच्या कोपऱ्यात प्लेसमेंट इंजिनचं छोटं बटण आहे, त्यात नकाशाच्या कडेला अर्धवट कापलेली लेबल चालतील का ते विचारलंय, छापायच्या नकाशाला मात्र हाच टिक प्रिंट लेआउटमध्ये (छपाईचं पान मांडायची खिडकी) नकाशाच्या लेबलिंग सेटिंगमधून काढून टाका.

एवढं सगळं करूनही जुन्या गावठाणात ६८ ची सगळी नावं बसणार नाहीत, हे मी दोन संध्याकाळी झटून मग मान्य केलं. दाट भागात नावं टाकूच नका, आकडे टाका आणि बाजूला यादी द्या. त्यासाठीच ‘क्रम’ कॉलम. लेबलला तोच कॉलम द्या, बॅकग्राउंड चालू करून गोल आकार घ्या, साइज फिक्स्ड ५ मिलिमीटर, प्लेसमेंट पॉइंटच्या बरोबर मधोमध, आणि इथं मात्र ओव्हरलॅप चालू द्या कारण एकही आकडा गळता कामा नये. आकडे मराठीत पाहिजेत तर पूर्ण आकड्यांचा कॉलम उपयोगाचा नाही, तो इंग्रजी आकडेच दाखवणार, म्हणून अजून एक टेक्स्टचा कॉलम करून त्यात १, २, ३ टाइप करा. पण यादी सॉर्ट करायला जुनाच कॉलम वापरा, टेक्स्टवर सॉर्ट केलं की १० हा २ च्या आधी येतो. दर्शन घेणारा माणूस क्रमानेच जातो, त्याला आकडे उलट जास्त सोपे पडले.

हाताने सरकवलेली लेबल

शेवटचं पाच-दहा टक्के काम हातानेच. लेबल टूलबारवरून मूव्ह लेबल घ्या, नावावर क्लिक करा, पाहिजे तिथं ठेवा. पहिल्यांदा सरकवताना क्यूजीआयएस एक कॉलम मागतं, कुठलं लेबल कुठं ठेवलं ते लक्षात ठेवायला. तिथं ‘ओळख’ द्या. मी पहिल्यांदा आपोआप आलेला फीचर नंबर दिला होता, मग काही पॉइंट खोडून लेयर नव्याने एक्स्पोर्ट केला तर नंबर सरकले आणि विजापूर वेशीचं नाव भलत्याच पेठेत जाऊन बसलं, चाळीसेक लेबल परत लावावी लागली. ही सरकवलेली जागा प्रोजेक्टच्या क्यूजीझेड फाइलमध्येच राहते, म्हणून प्रोजेक्ट त्याच प्रकारात सेव्ह करा.

नाव पॉइंटपासून लांब गेलं तर कॉलआउट चालू करा, बारीक रेघ ओढली जाते. ०.२ मिलिमीटर, करडा रंग, बस.

रस्ते आणि चिन्हं

होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड हे ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतले की एकच रस्ता अनेक तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकड्यावर नाव छापलं जातं. रेंडरिंगमध्ये जोडलेल्या रेषा एकत्र धरायचा टिक आहे, मर्ज कनेक्टेड लाइन्स, तो लावा. नाव रस्त्याला समांतर घ्या. वळणाप्रमाणे वाकणारं कर्व्हड लेबल मराठीत जपून वापरा, जुन्या व्हर्जनमध्ये त्यात मात्रा सुट्या पडायच्या, आणि नव्यात त्या जागेवर राहिल्या तरी जोराच्या वळणावर शिरोरेखा तुटक दिसतेच.

रस्त्याचं चिन्ह दोन थरांचं करा, खाली गडद रुंद रेष १.६ मिलिमीटर, वर फिकट १.२. असं केल्यावर सात रस्त्यासारख्या ठिकाणी प्रत्येक रस्त्याची कड दुसऱ्याला आडवी कापून जाते, चौक चौक वाटतच नाही. सिम्बॉलॉजीमध्ये, म्हणजे चिन्हांच्या टॅबमध्ये, खाली ॲडव्हान्स्डमध्ये सिम्बॉल लेव्हल्स आहे, ते चालू करून खालच्या थराला ० आणि वरच्याला १ द्या. सगळ्या गडद कडा आधी काढल्या जातात, मग सगळे फिकट पट्टे, आणि चौक मोकळा उघडतो. पहिल्यांदा ते होताना बघून मला फार बरं वाटलं होतं.

रुंदीचं एकक बघून घ्या. मिलिमीटर दिलं तर झूम कितीही केलं तरी रेष तेवढीच, छापायला हेच बरं. मीटर ॲट स्केल दिलं तर रस्ता जमिनीवरच्या खऱ्या मापाने जाड-बारीक होतो.

लिंगासाठी मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं एसव्हीजी (रेषांचं, कितीही मोठं करता येणारं) चिन्ह काढलं, शाळुंका आणि वर लिंग, जास्त बारकावे नाहीत कारण ४ मिलिमीटरमध्ये बारकावे दिसत नाहीत, नुसता डाग होतो. प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडला की असं चिन्ह हरवून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. एसव्हीजीच्या फाइलच्या खान्याशेजारी बाण आहे, त्यातून एम्बेड निवडा, चिन्ह प्रोजेक्टच्या आतच जातं.

नकाशा काढायला वेळ लागत असेल तर काम करताना खाली उजवीकडचा रेंडर टिक काढून ठेवा, सेटिंग झाली की परत लावा.

छापायला देताना

प्रिंट लेआउट उघडा, पान ए २ घ्या, ४२० बाय ५९४ मिलिमीटर. दाट गावठाणासाठी त्याच पानावर दुसरा नकाशा टाका, मोठ्या स्केलचा. लेबलची जागा प्रत्येक नकाशासाठी वेगळी ठरते, पण तुम्ही हाताने सरकवलेली लेबल दोन्हीकडे त्याच जमिनीवरच्या जागेला चिकटतात, म्हणून आतल्या नकाशासाठी लेयरची डुप्लिकेट करा, दोन मॅप थीम (कुठले लेयर दिसायचे त्याची साठवलेली निवड) बनवा आणि प्रत्येक नकाशाला आपापली थीम लावून द्या. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्त्यांचं श्रेय लिहायला विसरू नका, ती त्या डेटाची अट आहे.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. पीडीएफ काढताना टेक्स्ट कसा न्यायचा ते विचारतं, अक्षर म्हणून की आकार म्हणून. मी अक्षर म्हणून दिला, फाइल हलकी होते म्हणून. फ्लेक्सवाल्याने ती त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, त्याच्याकडे तो फॉन्ट नव्हता, आणि ‘सिद्धेश्वर’ चा ऱ्हस्व इकार सच्या पुढं जाऊन बसला, द आणि ध सुटे, मध्ये हलन्त. तसंच छापून आलं. त्याची चूक नव्हती, त्याने फाइल होती तशी छापली. टेक्स्ट कायम पाथ म्हणून द्या, ऑलवेज एक्स्पोर्ट टेक्स्ट ॲज पाथ्स, मग अक्षर हे चित्र होतं आणि कुठल्याही मशीनवर तसंच राहतं. अडचण एकच, त्यानंतर पीडीएफमध्ये स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही.

आपल्याकडे पूर्व भागात बऱ्याच घरात तेलुगू बोलतात, कन्नड बोलणारे पण खूप. टेबलमध्ये ‘नाव_तेलुगू’, ‘नाव_कन्नड’ कॉलम भरून घेतले की डुप्लिकेट लेयरला फक्त कॉलम आणि फॉन्ट बदलायचा, नोटोमध्ये दोन्ही लिप्या आहेत. त्या लिप्यांना पण खाली लोंबणारी जोडाक्षरं आहेत, लाइन हाइट तिथं पण वाढवाच.

पूर्ण फ्लेक्स छापायच्या आधी गावठाणाचा तुकडा ए ४ वर खऱ्या मापात प्रिंट काढा, भिंतीला चिकटवा, चार पावलं मागं या. आणि सोलापुरातच वाढलेल्या, वयाने मोठ्या माणसाला वाचायला द्या. आईने माझ्या प्रिंटवर बोट ठेवून विचारलं, हे ‘बाली वेस’ कुठं आलं रे? इंग्रजी नावावरून मराठी करताना बाळीवेसची बाली वेस झाली होती आणि आठवडाभर मला ते दिसलंच नव्हतं. टेबलमध्ये नाव बदललं, सेव्ह केलं, लेआउट रिफ्रेश केला आणि पीडीएफ परत काढली.